दल्ली-राजहराचा गणपती आणि माहितीचं टेबल

छत्तीसगढमधल्या लोखंडाच्या खाणींच्या गावात, दल्ली-राजहरात, गणपतीची आरास दरवर्षी बदलायची, टेबल तेच असायचं. मंडपाच्या एका अंगाला दोन बाकं जोडायची, त्यावर जुनी सतरंजी टाकायची आणि गावाचा इतिहास मांडायचा: दगड, नकाशा, हत्यारं. भिलाई इस्पात या पोलाद कारखान्याच्या खाणींत नोकरीला आलेल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या घरांचं हे मंडळ. संगीत खुर्ची, रांगोळी, नाटुकलं इथेही व्हायचंच, ते कुठल्या गावात होत नाही? टेबल मात्र खास इथलं.

नकाशाची गोष्ट नागपूरपासून सुरू व्हायची, त्यामुळे आपल्या माणसांना ती जरा जास्तच आवडायची. दोराबजी टाटा आणि भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड पोलादाच्या कारखान्यासाठी आधी चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला लोखंड शोधत होते. खनिज चांगलं निघालं, पण साठा पुरेसा नव्हता आणि वरोऱ्याच्या कोळशाचा कोक, म्हणजे झोतभट्टीत लागणारा भाजलेला कोळसा, होईना. बेत सोडायच्या विचारात असलेले दोराबजी नागपूरच्या संग्रहालयात सहज शिरले, तर भिंतीवरच्या नकाशात दुर्गकडे लोखंडाची खूण! प्रमथनाथ बसूंनी भूगर्भ खात्यात असताना हे डोंगर आधीच नोंदवले होते. टाटांची माणसं दल्ली-राजहराला आली, खनिज पाहून थक्क झाली, पण कोकचा कोळसा जवळ कुठेच नव्हता. पुढे 1904 मध्ये बसूंनीच मयूरभंजच्या गोरुमहिसानीकडे बोट दाखवलं आणि कारखाना जमशेदपूरला गेला. आमचे डोंगर आणखी पन्नास वर्षं तसेच उभे राहिले. 2 फेब्रुवारी 1955 ला भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं, आणि तिचं पोट भरायला राजहराचं खनिज लागलं.

पोरांची गर्दी असायची दगडांपाशी. फरशीची टाइल उलटी ठेवायची, कारण चकाकत्या बाजूवर रेघ उमटत नाही. हेमॅटाइट, म्हणजे इथलं लोहखनिज, वरून काळा किंवा पोलादी दिसला तरी रेघ लालसर तपकिरी येते. पिवळट रेघ आली तर तो दगड बाजूला, रेघ काळी आली आणि लोहचुंबक चिकटला तर मॅग्नेटाइट, हे दुसरं लोहखनिज. टाइल ओली असेल तर रेघ फिसकटते, आणि भाद्रपदात कोरडी टाइल मिळणं हेच मोठं काम! शेजारी दोन घमेली: एकात साधी गिट्टी, दुसऱ्यात खनिज, दोन्ही काठोकाठ. साध्या दगडाची घनता पाण्याच्या 2.7 पटीच्या आसपास, चांगल्या हेमॅटाइटची 5 पट. पाहुणे दुसऱ्या घमेल्याला हात घालायचे आणि ते जागचं हलायचं नाही. खाणीत रेजा, म्हणजे मजूर बायका, घमेलं निम्मंच का भरायच्या, ते मग वेगळं सांगावं लागत नसे.

तिसरा भाग हत्यारांचा: सब्बल (पहार), घण, गैंती (कुदळ), फावडा. राजहराला यंत्रं आली, पण इतर खाणींत बरीच वर्षं ठेकेदाराची माणसं हातानेच काम करायची. सुरुंग उडाला की मोठे दगड घणाने फोडायचे, माती आणि मुरमाड दगड वेचून काढायचे, मग ट्रक भरायचा. वेचणीत हयगय झाली तर भट्टीत ॲल्युमिना जास्त जातो, वितळलेली मळी (स्लॅग) घट्ट होते आणि कोक जास्त लागतो. पावसाळ्यात चिकणमाती चाळणीला आणि वॅगनच्या तळाला धरून बसते, माल उतरता उतरत नाही. गाव वसवलं कुणी, या प्रश्नाला टेबलावर रशियन इंजिनियरांची नावं यायची. खरं उत्तर घण धरणाऱ्या छत्तीसगढी आणि आदिवासी जोडप्यांचं होतं. क्वार्टर्स नंतरच्या, झोपड्या आधीच्या.

काही वर्षी 17 सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा गणपतीतच यायची. त्या दिवशी बायकापोरांना खाणीत जाता यायचं, डंपर आणि शॉवेल (खनिज उपसायची यंत्रं) हार घालून उभे असायचे. जुने फिटर नव्यांना बजावायचे: शॉवेल सपाट जागी लाव, बकेट जमिनीला टेकव, ब्रेक लाव, चावी काढ, मगच हार. हळदकुंकू पत्र्यावर लावा, हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्याला अजिबात नाही. पुडीतली कचकच सीलवर ओरखडे पाडते आणि तेल गळायला लागतं. फुलांच्या पाकळ्या रेडिएटरच्या जाळीत अडकल्या की इंजिन तापतं, ते वेगळंच.

महाप्रसादाला मसालेभात. दोनशे पानांना सोळा किलो तांदूळ, चार किलो भाज्या, अडीच किलो तेल. लाकडाच्या जाळावर पातेलं मोठं, म्हणून पाणी आधी उकळून घ्यायचं आणि तांदूळ परतल्यावर घालायचं. भात निम्मा शिजला की खालचा जाळ ओढायचा आणि झाकणावर निखारे ठेवायचे. हे विसरलं की तळ करपतो, वरचा दाणा कच्चा राहतो आणि पंगतीत कुजबुज सुरू होते. मंडपाचं कापड गडद रंगाचंच घ्यायचं. पांढरं असेल तर लाल माती दुसऱ्याच दिवशी गुलाबी करते.

गावाची मोठी सभा गणपतीत नसायची, ती 3 जूनला. 1977 च्या 2 आणि 3 जूनला कंत्राटी कामगारांवर गोळीबार झाला, अकरा जण गेले, त्यात एक बाई आणि एक मुलगा. मागण्या काय होत्या, तर काम नसलेल्या दिवसांची मजुरी आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीचे (वाशांचे) पैसे. कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेचा लाल-हिरवा झेंडा तेव्हापासूनचा: लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. 1983 मध्ये याच तारखेला कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद अस्पताल उघडलं. मिरवणुकीत क्वार्टर्समधली माणसं सुरुवातीला कडेला उभी राहून बघायची, पुढे पाणी वाटायला येऊ लागली.

मंडळाच्या टेबलावर 1977 च्या गोळीबाराचा कागद बऱ्याच उशिरा लागला. तो लावायचा की नाही यावर बैठकीत वाद व्हायचे, आणि लावल्यावर त्याच्यासमोरच लोक सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. आता नकाशाला एक जोड आहे: राजहराचा चांगला माल संपत आल्यामुळे रावघाटच्या लोहखनिजाच्या दिशेने नेलेली रेल्वे.