४० लाखांत बसवलेली निवडणूक

महापालिकेच्या लेखा विभागातल्या माणसाला निवडणुकीत मतदान केंद्र मिळालं नाही, तर खर्च कक्ष मिळतो. २०२४ च्या विधानसभेला माझ्या वाट्याला तोच आला. पश्चिम उपनगरातला एक मतदारसंघ, शाळेचा चित्रकलेचा वर्ग, भिंतीवर पोरांनी रंगवलेले मोर आणि त्यांच्याखाली आमचे लॅपटॉप.

काम सांगायला सोपं आहे. एक पथक सभांचं, रॅलींचं शूटिंग करून आणतं, आम्ही ते बघून मोजायचं. खुर्च्या, कर्णे, झेंडे, फेटे, गाड्या, पाण्याच्या बाटल्या. प्रत्येक वस्तूला दरपत्रकातला भाव लावायचा आणि शॅडो रजिस्टरला, म्हणजे त्या उमेदवाराच्या खर्चाच्या आमच्या समांतर वहीत, चढवायचं. उमेदवाराची स्वतःची वही वेगळी: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. प्रचाराच्या काळात किमान तीनदा ती आमच्यापुढे आणायची आणि दोन्ही वह्या जुळवायच्या. विधानसभेला एका उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाखांची.

खुर्च्या मोजायचंही तंत्र असतं. व्हिडिओ थांबवायचा, एक रांग मोजायची, मग रांगा. कडेला उभे असलेले सोडून द्यायचे, उभ्या माणसाचं भाडं नसतं. एका सभेच्या खुर्च्या माझ्या मोजणीत बाराशेच्या वर गेल्या, वहीत तीनशे. दुसऱ्या एका सभेला बाहेरून बडे नेते आले होते, मैदान भरलेलं, पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या उमेदवाराचा पत्ताच नाही. बॅनरवर फोटो नाही, भाषणात नाव नाही. स्टार प्रचारकाबरोबर तो मांडवात दिसला की सभेचा खर्च त्याच्या डोक्यावर बसतो. नियम इतका बारकाईने पाळलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

तर प्रचार संपायला चार दिवस उरलेले असताना त्या बाराशे खुर्च्यांवाल्या उमेदवाराचा खर्च बघणारे गृहस्थ वही घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सभ्य, बोलण्यात "मॅडम" आणि "आपण" सोडून काही नाही. मी बाराशे खुर्च्या म्हटल्यावर वाद घालतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "लावा की बाराशे. आम्ही जागा ठेवली आहे."

"जागा म्हणजे?"

"३२ पर्यंतच नेलंय. तुमचं काही निघालं तर बसायला पाहिजे ना!"

हे ते कुठलाही संकोच न करता बोलले. लग्नाच्या पंगतीत दहा पानं जास्तीची धरावीत तितक्या सहज.

फेट्यांवर मात्र ते थोडे अडले. फेटे म्हणे कार्यकर्त्यांनी स्वतःच्या खिशातून आणले. फुकट मिळालेल्या वस्तूचाही बाजारभाव धरावा लागतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे तेही मिटलं. मग मी सवयीने पांढरी पानं पुढे उलटत गेले. १४ तारीख होती. वहीत १६ ची चौकसभा लिहिलेली, १७ ची बाईक रॅली लिहिलेली. मांडव, स्पीकर, चहा, पेट्रोल, सगळ्याचे आकडे टाकून, खाली बेरीज करून. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, न झालेला खर्च.

मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा, पोराने पुढचंही लिहून टाकलं."

पानांवर क्रमांक आणि शिक्के असतात, फाडता येत नाहीत. मी शेरा मारला, सहायक खर्च निरीक्षकांना दाखवलं, नोटीस निघाली. ४८ तासांत खुलासा आला: अंदाजपत्रक नजरचुकीने त्याच वहीत लिहिलं गेलं. खुलासा मान्य झाला. नियमाप्रमाणे मान्य न करायला आमच्याकडे काही नव्हतंही, कारण १६ ला चौकसभा झाली आणि १७ ला रॅलीही निघाली. फक्त त्या रॅलीत किती बाईक होत्या ते आमच्या व्हिडिओत आहे आणि किती लिहिल्या होत्या ते वहीत आहे.

त्याच आठवड्यात आणखी एक नोटीस मीच टाइप केली, एका अपक्षाच्या नावाने. हा माणूस रिक्षाची भाडी आणि झेरॉक्सचे ऐंशी रुपयेसुद्धा लिहीत होता. निवडणुकीच्या खात्याचं चेकबुक वेळेत आलं नाही म्हणून त्याने छापखान्याला १२ हजार रोख दिले आणि तसे लिहिले. १० हजारांवर रोख देता येत नाही. नियमभंग झाला होता, त्यात शंका नाही. पण तो आम्हाला कळला तो त्याने खरं लिहिलं म्हणून. नोटीस हातात घेऊन तो मला विचारत होता, "मग मी दोन बिलं करून घ्यायला हवी होती का?" मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर "हो" असं होतं.

मुंबईतच २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे एका समारंभात जाहीरपणे बोलून गेले होते की २००९ च्या लोकसभेला आपला ८ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा २५ लाखांची. आयोगाने त्यांना नोटीस काढली. कायद्याने ते बरोबरच होतं. पण तेव्हा सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाला त्या आकड्याचा धक्का बसला असेल असं मला वाटत नाही. धक्का बसला तो ते बोलल्याचा. मला भीती वाटते ती याची. लपवलेलं खोटं एखाद्या दिवशी पकडता येतं. इथे उमेदवार, त्याचा हिशेबनीस, मांडववाला, मतदार, आम्ही, सगळ्यांनाच ठाऊक असतं आणि तरी सगळ्यांच्या सह्या होतात. कायदे करायला निघालेल्या माणसाचा पहिला सरकारी कागद असा तयार होतो, आणि त्यावर "तपासले" हा शिक्का आमचा.

तो उमेदवार निवडून आला की पडला हे सांगत नाही, ओळख पटेल. निकालानंतर हिशेब जुळवणीच्या बैठकीला ते गृहस्थ पुन्हा आले. आकडा ४० च्या बराच आत, सगळी व्हाउचर पंच करून, फाईलला अनुक्रमणिका. काम आटोपल्यावर त्यांनी माझा नंबर मागितला. २०२२ पासून रखडलेली महापालिका कधीतरी लागणारच होती.

"वॉर्डाला मर्यादा कमी असते मॅडम," ते म्हणाले, "जागा ठेवायला जरा जड जातं. तेव्हा सांभाळून घ्या."