सतरा वर्षांची इंडिका, तीन पेट्या हापूस आणि कुंभार्ली घाट

आमची गाडी 2008ची. इंडिका व्ही टू, डिझेल, 1405 सीसी, टर्बो नाही. 2014मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा ‘दोन वर्षं वापरू आणि काढू’ असं घरात ठरलं होतं. ते अजून ठरलेलंच आहे. मीटर 1 लाख 68 हजारांच्या पुढे गेलाय, मागच्या डाव्या दाराची काच हाताने धरून वर करावी लागते. सोसायटीत कोणी ना कोणी विचारतंच, “ही आता बंद होणार ना?” दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करायचा तो नियम दिल्ली परिसरासाठी आला होता. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून, नोंदणीचं शुल्क आणि पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांची मुदत मिळते. माझी 2028पर्यंत आहे. पीयूसी मात्र सहा-सहा महिन्यांनी करावी लागते.

मागच्या मे महिन्यात हीच गाडी घेऊन गुहागरला गेलो. आई, बायको, दोन मुलं आणि मी. पुणे ते गुहागर उंब्रज-पाटणमार्गे साधारण पावणेतीनशे किलोमीटर.

निघायच्या आठ दिवस आधी गाडी नेहमीच्या मेकॅनिककडे टाकली. जुनी डिझेल लांब न्यायची असेल तर ऑइल आणि हवा बघून भागत नाही. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते कुठेतरी लिहून ठेवा. तो वाटेत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं. दुसरा आल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा बेल्ट. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला डिझेल इंजिनातून पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपसूक मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो आणि इंडिकात तो आल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला आहे. म्हणजे हा बेल्ट तुटला की चार्जिंगही गेलं आणि ब्रेकही दगडासारखा कडक झाला. घाटात नको तो अनुभव. शिवाय डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून पाणी काढून घेतलं, आणि रेडिएटरचे दोन्ही होजपाइप नवे टाकले, कारण वरचा दाबल्यावर चुरमुऱ्यासारखा वाजत होता. टायरचं मात्र माझंच चुकलं होतं. नक्षी भरपूर शिल्लक म्हणून मी खूश, आणि मेकॅनिकने बाजूवरचे चार आकडे दाखवले: 1217. म्हणजे 2017 सालचा बारावा आठवडा. आमच्यासारखी कमी फिरणारी गाडी टायर झिजवत नाही, वाळवते. पुढचे दोन बदलले.

जाणं अगदी सुरळीत झालं. पहाटे पाचला निघालो. हायवेला मी ऐंशीच्या वर जात नाही. गाडी जाते, पण तिच्या आवाजात आईचं बोलणं ऐकू येत नाही आणि मग ती तेच पुन्हा सांगते. खंबाटकीला तिसऱ्या गिअरमध्ये डावीकडून निवांत चढलो. सातारा टाकून उंब्रजला आत वळलं की तासवड्याचा टोलही वाचतो. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर हा पट्टा सकाळी फार छान असतो. डिझेल उंब्रजच्या आधीच हायवेवर टाकी फुल करून घ्या. जुन्या डिझेलला रिझर्व्हवर पळवण्यात शहाणपण नाही. टाकी कोरडी पडली तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही, गाडी एअर घेते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते. मग ती काढायला प्रायमरचा हातपंप दाबत बसा. शिवाय टाकीच्या तळाशी सतरा वर्षांचा गाळ असतो, तो आधी फिल्टरमध्ये येतो.

कुंभार्ली उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवणारे बहाद्दर अजून आहेत. घाटाखालच्या पोफळीला पोचेपर्यंत त्यांच्या ब्रेकचा वास येतो.

गुहागरबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. व्याडेश्वर, संध्याकाळचा समुद्र, एक दिवस हेदवी-वेळणेश्वर, एक दिवस धोपाव्याहून फेरीने दाभोळ. फेरीवर गाडी चढवताना जुन्या हँडब्रेकवर विसंबू नका, पहिला गिअर टाकून ठेवा. गाडी वाळूत नेऊ नका. आमच्या डोळ्यांदेखत एक नवी कोरी एसयूव्ही चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतली आणि भरतीच्या आधी ती काढायला दोर घेऊन अर्धी वाडी आली. आणि परत आलात की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. वरचा पत्रा चकचकीत दिसतो हो, गंज खालून लागतो.

परतीला आमचं वेळापत्रक हापूसने बिघडवलं. पाच-पाच डझनांच्या तीन पेट्या सकाळी आठला मिळणार होत्या, त्या आल्या साडेबाराला. म्हणजे पाच माणसं, सामान, पंधरा डझन आंबे आणि मे महिन्यातली दुपार असा सगळा ऐवज घेऊन मी कुंभार्ली चढायला निघालो. हे करू नका. भरलेली बिनटर्बो गाडी सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर चढवावी.

पहिली खूण चिपळूणलाच मिळाली होती. बहादूरशेख नाक्यावर गर्दीत अडकलो तेव्हा एसी गरम हवा टाकायला लागला. गाडी हलली की पुन्हा थंड. मी म्हटलं, गॅस कमी झाला असेल. इथेच उतरून बॉनेट उघडायला हवं होतं. उभ्या गाडीत एसी गरम आणि चालत्या गाडीत थंड, याचा बहुतेक वेळा एकच अर्थ असतो: पुढचा पंखा फिरत नाही. वेग असतो तोवर वारा त्याचं काम करतो.

घाटात एका भरलेल्या ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये सापडलो आणि तापमानाचा काटा निम्म्यावरून उठायला लागला. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर फुल सोडला.

“अरे, मे महिन्यात हीटर?” आई म्हणाली.

हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो, हे मी तिला समजावत होतो. पायांवर भट्टी, डिकीतून गवतात पिकणाऱ्या आंब्यांचा घमघमाट आणि मागच्या सीटवरून “बाबा, आम्ही पण पिकतोय.” काटा थोडा खाली आला, पण पुन्हा चढला. रुंद वळण बघून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, चाकामागे दगड लावला. बॉनेट उघडून बघितलं, पंखा गप्प.

इथे एकच काम करायचं: काही करायचं नाही. कॅप उघडायची नाही, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. जाणाऱ्यांपैकी दोघांनी थांबून पाणी ओतायचा सल्ला दिलाच. आम्ही पाऊण तास बसलो. आईने तोवर एका पेटीतले तीन तयार आंबे शोधून काढले. मग बाटलीत कूलंट किंचित कमी होता तो भरला, हीटर चालूच ठेवून, मोकळा रस्ता बघून वर आलो. एकदा माथा ओलांडला की इंजिनावर ताण नसतो. कोयनानगरपर्यंत काटा जागचा हलला नाही.

पाटणला रस्त्यालगत एक टपरीवजा गॅरेज दिसलं. मेकॅनिक विशीतला मुलगा. त्याने पंख्याचा सॉकेट काढला, दोन वायरी बॅटरीला लावल्या आणि पंखा भर्रकन फिरला. “मोटर बरी हाय, रिले जळलाय. रिले माझ्याकडं न्हाई. फॅन डायरेक्ट करून देतो, पुण्यापातूर काय व्हत न्हाई.” रिले म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच. तो वगळून, फ्यूज टाकून वायर बॅटरीवरून थेट पंख्याला दिली. वीस मिनिटं, दोनशे रुपये. निघताना वायरचं टोक दाखवून म्हणाला, “साहेब, गाडी बंद केली का हे काढायचं. न्हाईतर सकाळी धक्का.”

जुनी इंडिका ठेवायला हे एवढंच कारण मला पुरतं. बिघाड शोधायला तिला लॅपटॉप लावावा लागत नाही. पण गाडी साधी आहे म्हणून रिले विसरून चालत नाही हेही कळलं. होजपाइप बदलले आणि शंभर-दीडशेच्या रिलेकडे बघितलंही नाही. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन रिले, फ्यूजची डबी, वायरचा तुकडा आणि इन्सुलेशन टेप कायम असते. निघण्याआधी एसी लावून गाडी दोन मिनिटं उभी ठेवायची आणि पंखा फिरतोय का ते बघायचं, ही तपासणी फुकट आहे.

खर्चाचं विचाराल तर टाकी ते टाकी मोजून 610 किलोमीटरला 38 लिटर डिझेल लागलं. म्हणजे सोळाचं अॅव्हरेज, पाच माणसं आणि आंबे धरून. मला पुरे.

रात्री दहाच्या सुमारास घरी आलो. पेट्या वर नेल्या, दूधपोहे खाल्ले आणि आडवे झालो. खिडकीत उभी असलेली मुलगी म्हणाली, “बाबा, खाली पार्किंगमध्ये कसला तरी घुंऽऽ आवाज येतोय.” चप्पल शोधत दोन जिने उतरलो. अंधारात गाडी बंद, दिवे बंद, आणि पंखा एकटाच जोरात फिरत होता.