कॉकपिटमध्ये नुसता एअरप्लेन मोड का पुरत नाही

प्रवाशाने फोन एअरप्लेन मोडवर टाकला की त्याचं काम झालं. वैमानिकाचं तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाचा, म्हणजे एफएएचा, नियम १२१.५४२ (डी) १४ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. त्यात वैमानिकाच्या खासगी फोनसोबत लॅपटॉपही थेट नाव घेऊन बंद केलाय, वायफाय चालू असो वा नसो. म्हणजे प्रश्न रेडिओ लहरींपेक्षा वैमानिकाच्या लक्षाचा आहे.

नियम नेमका वाचायला हवा. तो उड्डाणकाळात लागू होतो आणि विमान उड्डाणासाठी स्वतःच्या ताकदीवर हललं की उड्डाणकाळ सुरू होतो. ट्रॅक्टरने मागे ढकलणं, म्हणजे पुशबॅक, त्यात बसत नाही. पण एकदा टॅक्सी, म्हणजे धावपट्टीकडे जमिनीवरून जाणं, सुरू झाली आणि धावपट्टीच्या रांगेत अर्धा तास उभं राहावं लागलं, तरी तो अर्धा तास धरला जातो. 'जमिनीवरच तर आहोत' ही सबब इथे चालत नाही. दुसरी अट जागेची: वैमानिक आपल्या ड्यूटीच्या खुर्चीत असला पाहिजे. लांब पल्ल्याच्या विमानात मागे बंकवर पडलेल्या वैमानिकाने फोनवर सिनेमा पाहिला तर या कलमाची हरकत नाही. तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: को-पायलटने फोन काढला आणि कॅप्टनने चालवून घेतलं, तर कॅप्टनही दोषी.

सूट आहे ती विमान चालवण्याशी थेट संबंध असलेल्या कामाला, आणीबाणीला, सुरक्षेला आणि नोकरीसंबंधी संपर्काला. या शेवटच्या सवलतीत गंमत आहे. ज्या घटनेमुळे हा कायदा आला, ती २१ ऑक्टोबर २००९ ची, नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या फ्लाइट १८८ ची. एअरबस ए३२० जिथे उतरायचं ते मिनियापोलिस ओलांडून शंभर मैलांहून पुढे गेलं, तासाभराहून जास्त वेळ रेडिओवर उत्तर नाही. दोघे वैमानिक लॅपटॉपवर काय पाहत होते? कंपनीची नवी ड्यूटी लावण्याची पद्धत! नोकरीचंच काम की. म्हणूनच 'एफएएने मंजूर केलेल्या कंपनीच्या कार्यपद्धतीनुसार' ही शेपूट महत्त्वाची. ती कापली तर नियमात काही उरत नाही.

लक्ष कसं निसटतं ते जेटस्टार कंपनीच्या एअरबस ए३२१ ने दाखवलं. मे २०१०, सिंगापूरला उतरताना. साधारण अडीच ते दोन हजार फुटांच्या दरम्यान कॅप्टनच्या फोनवर मेसेज वाजू लागले. फोन बंद करण्याच्या नादात को-पायलटच्या हाकेला त्याने उत्तर दिलं नाही. चाकं खाली घ्यायची राहिली, लँडिंगची चेकलिस्टही वाचली गेली नाही. ७२० फुटांवर इशारा वाजला, कॅप्टनने चाकांचा (गिअरचा) दांडा खाली केला, पण चाकं पूर्ण उतरून लॉक व्हायला वेळ लागतो. तिकडे को-पायलट गो-अराउंडच्या, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याच्या, तयारीत. शेवटी ३९२ फुटांवरून विमान वर घेतलं. फोन निघण्यापूर्वीच बंद करून बॅगेत टाकला असता तर यातलं काही घडलं नसतं. नुसता सायलेंट ठेवला तरी स्क्रीन उजळतेच.

नकाशे-चार्टसाठी दिलेला टॅबलेट, म्हणजे ईएफबी, अधिकृत असतो. पण अधिकृत म्हणून निर्धोक नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई–ब्रुसेल्स बोइंग ७७७ तुर्कस्तानवर सुमारे ५,००० फूट खाली आलं. कॅप्टन ठरलेल्या विश्रांतीत होता आणि को-पायलट टॅबलेटवर गुंतली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. अशा वेळी दुसरा झोपलेला असताना टॅबलेटवरचं लांबलचक काम काढायचंच नाही.

आणि वस्तू कुठे ठेवता हेही पाहा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात कॅप्टनचा कॅमेरा हातटेकणी आणि साइडस्टिकच्या (खुर्चीच्या बाजूचा, विमान वळवायचा छोटा दांडा) मध्ये होता. त्याने मोटरवर चालणारी खुर्ची पुढे घेतली, कॅमेऱ्याने साइडस्टिक पुढे ढकलली, विमानाने नाक खाली घातलं: २७ सेकंदांत ४,४०० फूट. साइडस्टिकच्या विमानात त्या फटीत फोन, चष्म्याची डबी, काहीच ठेवायचं नाही. आणि खुर्ची हलवण्याआधी तिथे एकदा हात फिरवायचा.