नेउमचे नऊ किलोमीटर

क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोवनिकला गाडीने निघण्याआधी व्हिसा नीट वाचा. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर जुन्या किनारी रस्त्याच्या वाटेलाच जाऊ नका. मधे नेउमला बोस्निया आडवा येतो. रस्ता जेमतेम नऊ किलोमीटर, पण दोन्ही टोकांना चौकी. एकदा बाहेर पडलात की तो व्हिसा संपला. 2022 साली सुरू झालेल्या पेल्येशाच पुलावरून जा, टोलही नाही. नकाशात ही पाचर कुणी मारली म्हणून मी वैतागलो होतो. ती मारली दुब्रोवनिकनेच, आणि पूर्ण हिशेबाने.

दुब्रोवनिकच्या तटबंदीवर जहाजांतून उतरलेल्यांची झुंबड असते. त्यापेक्षा स्पोंझा वाड्यात जा. ही जकातीची जागा. तराजू टांगायच्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरलंय: आमची वजनं फसवूही देत नाहीत, फसूही देत नाहीत. मग प्लोचे दरवाज्याबाहेर लाझारेती, म्हणजे विलगीकरणाची जागा, बघा: दहा दालनं, मधे पाच अंगणं. बोस्नियाकडून तांड्यांनी येणारी लोकर, कातडी, मेण इथे अडकून पडायचं; माल उघडून वारा दाखवायचा, माणसं वेगळी ठेवायची. विलगीकरणाचा कायदा तर 1377 चा.

दुब्रोवनिक तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, पण या उलाढालीची किंमत होती ऑटोमन सुलतानाला द्यायची खंडणी. 1442 मध्ये ती 1000 दुकातांएवढी (सोन्याची नाणी) होती, 1458 मध्ये 1500 आणि 1481 पासून वर्षाला 12,500. बदल्यात सुलतानाचा अहदनामा (करारपत्र) मिळे आणि बाल्कन मुलखात 2 टक्के जकात. एवढ्याशा शहराला हा सौदा स्वस्तातच पडला, असं माझं मत. दरवर्षी दोन उमराव रक्कम घेऊन डोंगरवाटांनी इस्तंबूलला जात आणि पुढची जोडी येईपर्यंत तिथेच राहत. म्हणजे वकील म्हणायचं, पण खरं तर ओलीसच. बिनसलं की पहिला फास त्यांनाच. 1667 च्या भूकंपाने शहर आडवं झालेलं असताना वजीर कारा मुस्तफाने जादा पैशांसाठी गळा धरला, आणि वकील निकोला बुनिच 1678 मध्ये सिलिस्त्राच्या तुरुंगात मेला.

तरीही दुब्रोवनिकला अधिक धास्ती होती व्हेनिसची. व्यापारातला वैरी शेजारी नको, म्हणून ऑटोमन आणि व्हेनिससह युरोपी सत्तांमधल्या 1699 च्या कार्लोवित्सच्या तहात दुब्रोवनिकच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी ऑटोमन साम्राज्याकडे, म्हणजे तेव्हाच्या बोस्नियाच्या मालकाकडे, राहिली. पश्चिमेला नेउम, पूर्वेला सुतोरिना.



सुतोरिना आता माँटेनेग्रोत आहे. कोटोरला निघालात की त्याच तहाच्या दुसऱ्या टोकाची चौकी लागते. उन्हाळ्यात तिथली रांग हलत नाही. उजाडायच्या आत निघा.