टिनाखालचा गेमिंग पीसी: आधी लाइन पाहा, मग ग्राफिक्स कार्ड

पीसी बनवायचे बहुतेक व्हिडिओ एसीच्या खोलीत तयार होतात. त्यांची यादी ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणारं युनिट) शेवटी येतो, उरल्या पैशात बसेल तो. आपल्याकडे विदर्भातल्या खेड्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, संध्याकाळी गावातले कूलर आणि मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज १८० पर्यंत खाली, आणि दिवाळीनंतर समोरच्या खोलीत कापूस भरलेला. इथे तीच यादी उलटी लिहावी लागते.

सुरुवात पीसी जिथे लागणार त्या सॉकेटपासून. वायरमनला संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान बोलवा, दुपारी नको. दुपारी आकडे चांगलेच दिसतात. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थिंग असे तीन आकडे घ्यायला सांगा. शेवटचा दोन-तीन व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. फेज-अर्थिंगचा आकडा शून्य किंवा नुसता हलत असेल तर तिसरी पिन शोभेची आहे. अशा घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक एसएमपीएस खराब समजून बदलून आणतात. तो खराब नसतो. त्याच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगकडे जायला हवा. तिकडे वाट नसली की तो पत्र्यावर येऊन बसतो. अर्थिंगचा खड्डा आधीच असेल तरी उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. आपली काळी माती वाळली की भेगा पाडते आणि पाइपापासून सुटते.

आता एसएमपीएस. डब्यावर काय छापलंय ते सोडा, अंगावरच्या स्टिकरवर दोन गोष्टी वाचा. पहिली, एसी इनपुट. काहींवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर २००-२४०. दुसऱ्या प्रकारचा एसएमपीएस १८० व्होल्टवर कार्डाने जोर मागितला की हात टेकतो: स्क्रीन काळी, पीसी रिस्टार्ट. शिव्या मात्र ग्राफिक्स कार्डाला बसतात. खेड्यात घ्यायचा तर १००-२४० वालाच. दुसरी गोष्ट, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर. ५५० वॅटच्या चांगल्या युनिटवर ४५ अँपिअरच्या आसपास दिसतात, म्हणजे १२ गुणिले ४५, ५४० वॅट. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या ‘५०० वॅट’वर तिथे १६ अँपिअर लिहिलेले सापडतील. तो १९२ वॅटचा झाला, बाकी रंग. ८० प्लस ब्राँझ, ५५० वॅट, पाच वर्षं वॉरंटी, एवढं मिळालं की पुरे. ७५० वॅटची गरज नाही.

हिशेब सांगतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॅट ओढतो, आरएक्स ६६०० कार्ड १३२, बाकी मदरबोर्ड-पंखे-एसएसडी मिळून ५० धरा. २६० झाले, मॉनिटर वेगळा. म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस, जो प्रत्यक्षात ३६० वॅटच देतो, चालेल पण काठावर. १००० व्हीएचा बरा. त्यावर खेळत बसायचं नसतं, सेव्ह करून बंद करायचं असतं. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर तो साइन वेव्ह आहे का बघा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला त्याहून उशीर होतो. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं, त्यापुढे स्पाइकबस्टरचं काही चालत नाही. ओव्हरव्होल्टेजला लाइन तोडणारं रिले घरच्या मीटर बोर्डात बसवून घ्या. सगळं घर वाचतं.

मग हवा. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं, हे यादी करताना कोणी धरत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६८ वर चालणारा प्रोसेसर टिनाच्या छपराखाली, ४२ अंशांत, ८५ च्या आसपास जाईल. ५६०० ची मर्यादा ९० आहे. म्हणून प्रोसेसरसोबत मिळणारा छोटा कूलर नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हात) पुरा पडत नाही. चार हीट पाइप आणि १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्या. प्रोसेसरला पाण्याचे (लिक्विड) कूलर नकोत. पंप गेला तर बदली मिळेपर्यंत पीसी बंद पडून राहतो.

कॅबिनेट समोरून जाळीचं हवं, काचेचं नाही. समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की ती फटीफटीतून बाहेर पडते आणि धूळ फक्त जाळीवर अडते. कापूस घरात असेल तेव्हा या जाळीवर महिन्याभरात पांढरा नमदा तयार होतो, बोटाने सोलून काढता येईल इतका जाड. तो दर पंधरा दिवसांनी काढावाच लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरली की बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्या हवेत पाणी असतं. डेझर्ट कूलरने खोली थंड करा, पण झोत कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार आत गेले की वाळून क्षार बोर्डावर बसतात. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्याही लावून टाका. पाली आणि उंदीर आत शिरतात ते तिथूनच.

इतकं झालं की उरलेली निवड सोपी आहे. किमती सारख्या हलतात, म्हणून रुपयांऐवजी वाटा सांगतो: मॉनिटर सोडून जेवढं बजेट, त्याचा तिसरा हिस्सा ते ४० टक्के कार्डाला. १०८०पी (फुल एचडी) ला ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचं कार्ड घेऊ नका. आरएक्स ६६०० मिळालं तर उत्तम. आरटीएक्स ३०५० घेताना ८ जीबी आणि ६ जीबी ही दोन वेगळी कार्डं आहेत हे लक्षात ठेवा. फरक नुसत्या मेमरीचा नाही, ६ जीबीवालं मुळात कमी ताकदीचं आहे. स्वस्तात दिसणारं आरएक्स ५८० ‘२०४८ एसपी’ हे खरं ५८० नव्हेच, त्यात २३०४ ऐवजी २०४८ कोअर आहेत. आणि ‘आय ७, १६ जीबी, गेमिंग पीसी’ अशी जाहिरात दिसली तर आय ७ चा पुढचा आकडा विचारा. २६०० म्हणाले तर तो २०११ चा आहे.

प्रोसेसरला ५६०० किंवा आय ५ १२४००एफ, हात तंग असेल तर आय ३ १२१००एफ. ५६०० आणि सगळ्या ‘एफ’ प्रोसेसरांमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. कार्ड कापूस विकल्यावर घ्यायचं असेल तर ५६००जी घ्या. तोवर व्हॅलोरंटसारखा गेम कमी सेटिंगवर निघतं. रॅम मात्र ८-८ च्या दोन पट्ट्या, कारण ५६००जी ग्राफिक्सलाही तीच रॅम वापरतो. रायझनला बोर्ड बी५५०, इंटेलच्या आय ३-आय ५ ला तो बसत नाही. जुना बी४५० स्वस्तात मिळाला तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून द्या म्हणून दुकानदाराला आधीच सांगा, नाहीतर सगळं जोडून डिस्प्ले येत नाही आणि घरी दुसरा प्रोसेसर नसतो.

एसएसडी एक टीबीची घ्या. मोठे गेम शंभर जीबीच्या वर जातात आणि रोजच्या दीड-दोन जीबी डेटात ते उतरायला महिने लागतील. मित्राकडून स्टीमचा (गेम विकत घेऊन उतरवायचं अ‍ॅप) गेम आणायचा तर त्याच्या फोल्डरसोबत ‘अ‍ॅपमॅनिफेस्ट’ फाइलही कॉपी करा. मग स्टीम फक्त तपासणी करतं आणि कमी असेल तेवढंच उतरवतं. गेम तुमच्या खात्यावर असला पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

जोडताना रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. कूलरच्या बुडाची प्लास्टिक फिल्म काढलीच पाहिजे. पुढे कधी कूलर काढावा लागला तर आधी डावी-उजवीकडे हलकं फिरवा, मग उचला. एएम४ वर (५६०० च्या सॉकेटवर) सरळ ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला. उन्हाळ्यात गेमच्या फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून टाका. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर फरक दिसत नाही आणि कार्डाची गरमी उतरते.

नागपुरात जोडून एसटीने आणणार असाल तर पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर, आणि सगळे रिकामे डबे सोबत घ्या. डब्याशिवाय वॉरंटीला पाठवताना रडकुंडीला येतं. कार्ड दुकानातच काढून त्याच्या डब्यात ठेवायला लावा, कॅबिनेट आडवं, बोर्डाची बाजू खाली. मोठा टॉवर कूलर उभ्या कॅबिनेटमध्ये लटकलेला असतो. तालुक्यापासून गावापर्यंतच्या खड्ड्यांत त्याचं सगळं वजन बोर्डाच्या चार भोकांवर येतं.