तुम्ही विचारलंत म्हणून: नोटा तुमच्याच गावात छापतात ना, मग पेन्शनला पैसे नाहीत कसे?

नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केलेल्या नाशिकरोडच्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत, पंचवटी एक्सप्रेसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही. पूर्वी लोक डोळा मारून विचारायचे, एखादी नोट कधी खिशात घालून आणली नाही का हो. आता टीव्हीवरच्या डिबेट बघून बघून प्रश्न जरा वरच्या वर्गात गेलाय. "काका, नोटा तुमच्याच गावात छापतात ना, मग पेन्शनला पैसे नाहीत असं सरकार म्हणतं ते कसं काय? छापा की अजून. कशाला उगाच रिटायरमेंटचं वय वाढवायच्या गोष्टी करता?" जणू काही वय मीच वाढवतोय.

तर एकदाचं सांगून टाकतो.

खिशाचा विषय आधी मिटवू. गेटवर झडती होती, आत प्रत्येक शीटचा हिशोब होता, एका सेक्शनकडून दुसऱ्या सेक्शनकडे जाताना मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं, आणि शाई फिस्कटून वाया गेलेलं शीटसुद्धा मोजूनच नष्ट व्हायचं. माझं काम बरीच वर्षं शीट तपासायचं. हातात गठ्ठा घेऊन पंख्यासारखा पसरायचा आणि नजरेने डाग, कुठे रंग कमी, कुठे नंबर सरकलेला हे पकडायचं. दिवसभर कागद हाताळून हाताळून बोटांची कातडी अशी गुळगुळीत झाली की आज नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढायला गेलो तर थंब मशीन मला मेलेलाच धरतं. चार वेळा बोट पुसून, चार वेळा दाबून झालं की काउंटरवरची पोरगी म्हणते, काका, चेहरा दाखवा. मग मोबाइलसमोर डोळे मिचकावून मी जिवंत असल्याचं सिद्ध करतो. असो.

आता मुद्दा. इथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्याआधी त्या इंग्लंडहून बोटीने यायच्या. पण छापणारा वेगळा आणि मालक वेगळा. नोट छापून झाली की ती रिझर्व्ह बँकेची. किती छापायच्या, कुठल्या किमतीच्या, हे तिथून ठरून येतं आणि माल तिथेच जातो. सरकारला पैसे कमी पडले म्हणून अर्थमंत्र्यांनी फोन लावला आणि आम्ही रात्रपाळी सुरू केली असं होत नाही. (नोटबंदीच्या वेळी रात्रंदिवस मशिनी चालल्या, पण तेव्हा जुन्या नोटा जाऊन त्या जागी नव्या येत होत्या, सरकारच्या खिशात भर पडत नव्हती.)

पूर्वी मात्र थोडंफार तसं होतं बरं का. १९९७ पर्यंत सरकारला तूट पडली की अॅडहॉक ट्रेझरी बिलं नावाची सोय होती, सरकारने चिठ्ठी द्यायची आणि रिझर्व्ह बँकेने पैसे. ती बंद झाली. मग २००३ चा एफआरबीएम कायदा, म्हणजे सरकारच्या तुटीला लगाम घालणारा कायदा आला आणि एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे रोखे थेट सरकारकडून घ्यायचे नाहीत असं ठरलं. आता सरकार बाजारातून कर्ज काढतं, तुमच्या-आमच्या बँकेतल्या ठेवी, एलआयसीचे हप्ते, पीएफ असं सगळं फिरून तिथे जातं.

किती काढतं? बजेटसोबत दरवर्षी एक गोल चित्र येतं, रुपया कसा येतो आणि कसा जातो त्याचं, आमच्या कट्ट्यावर ते कापून ठेवलेलं असतं. मुक्तिधामच्या मागे एक टपरी आहे, सकाळी फिरून झालं की तिथे आम्ही चार-पाच जण जमतो आणि देश चालवतो. २०२५-२६ च्या चित्रात रुपयातले २४ पैसे कर्जाचे होते. आणि जाताना २० पैसे नुसत्या व्याजात. पेन्शनला किती? ४ पैसे.

हे ४ पैसे वाचल्यावर झेडपीचे मास्तर उसळले. "अरे, मग बोंब कसली मारताय आमच्या नावाने? व्याजाला वीस आणि आम्हाला चार!" त्यावर तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले आमचे फौजी शांतपणे म्हणाले, "मास्तर, त्या चारातले तुमचे नाहीतच. ते दिल्लीचं बजेट आहे. निम्म्याहून जास्त आमचेच आहेत." आणि खरंच आहे ते. केंद्राची पेन्शन सुमारे पावणेतीन लाख कोटी, त्यात जवळजवळ १ लाख ६१ हजार कोटी संरक्षण दलांचे. मास्तरांची पेन्शन मुंबईच्या, म्हणजे राज्याच्या बजेटातून येते. तिथलं गणित वेगळं, तिथे २०२५-२६ ला महसुली तूटच ४५,८९१ कोटींची धरलेली आणि एकट्या लाडक्या बहिणीला ३६,००० कोटी.

लाडकी बहीण निघाली की मग कट्टा आवरत नाही. आमच्यात एक अण्णा आहे, एसटीत ड्रायव्हर होता, नाशिक-कसारा घाट झोपेतसुद्धा उतरेल असा माणूस. वहिनींना दीड हजार यायचे आणि आता त्या पासष्टच्या पुढे गेल्या म्हणजे यादीतून बाहेर. मास्तर म्हणाले, "अहो अण्णा, सोपं आहे. पासष्टपर्यंत बहीण, पासष्टनंतर आई. आता श्रावणबाळमध्ये फॉर्म भरा." सगळे हसले. योजना आहेच तशी, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना, पासष्टपासून, तिथेही दीड हजार. पण तिथे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, आणि अण्णाची पेन्शनच वर्षाला त्याच्या वर जाते. म्हणजे श्रावणबाळाच्या लेखी आमचा अण्णा श्रीमंत!

किती पेन्शन आहे या श्रीमंताची? महिन्याला तीन हजाराला थोडी कमी. कारण एसटीवाल्यांना सरकारी पेन्शन नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्यांना ईपीएस-९५, म्हणजे पीएफ खात्याची पेन्शन योजना, जशी सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या कामगारांना, साखर कारखान्यातल्यांना. पगार कितीही असो, हिशोबाला धरायचा तो मर्यादेपर्यंतच, आधी ५ हजार, मग ६,५००, आणि सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, ७० ने भागायचं, आलं उत्तर. किमान पेन्शन १ हजार. तीसुद्धा २०१४ ची, आणि साडेसात हजार करा म्हणून म्हातारी माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत. आता हे वाचणाऱ्यांनी जरा थांबून बघा, २०१४ ला गॅस कितीला होता आणि आज कितीला आहे.

आणि इथेच तुमच्या "छापा की अजून" चं उत्तर आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

समजा उद्या सरकारने ठरवलं, कायदा गुंडाळला आणि नोटा छापून सगळ्यांच्या हातात दिल्या. लासलगावला मार्केटमध्ये कांद्याचे ट्रॅक्टर तेवढेच येणार आहेत जेवढे काल आले होते, घेणाऱ्याच्या हातात मात्र नोटा दुप्पट. भाव कुठे जाईल ते नाशिक जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. महागाई वाढली. बरं, मग माझं काय होईल? फारसं काही नाही. मला महागाई भत्ता, म्हणजे डीए आहे. जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के होता, भाव चढले की वर्षातून दोनदा तोही मागोमाग चढतो, थोडा उशिरा येतो, आम्ही कुरकुरतो, पण येतो. मास्तरांचंही तसंच, फौजींचंही तसंच. अण्णाला भत्ता नाही. ठरलेला आकडा तो ठरला, भाव वाढले की त्याची पेन्शन तेवढी आपोआप कमी होते. म्हणजे जास्तीच्या नोटा छापल्या की सगळ्यात आधी अण्णाचा खिसा कापला जाणार, आणि गंमत म्हणजे "छापा रे अजून" असं कट्ट्यावर सगळ्यात मोठ्याने ओरडतो तो अण्णाच.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ बशीतला चहा फुंकत बसला.

आता वयाचं. ही दुसरी गंमत. मास्तर पेपर कोळून पितात, त्यामुळे जगभरचे आकडे तोंडपाठ. फ्रान्सने २०२३ मध्ये ६२ चं ६४ केलं तर पॅरिसच्या रस्त्यावर कचऱ्याचे डोंगर, लाखो लोक मोर्च्यात, आणि शेवटी २०२५ मध्ये तो कायदा पुढे ढकलायची वेळ आली. डेन्मार्कने २०४० पर्यंत ७० करायचं ठरवलं. चीनने २०२५ पासून वाढवायला घेतलं, पुरुषांचं हळूहळू ६० चं ६३. आणि आपल्या महाराष्ट्रात? सरकारी कर्मचाऱ्याचं ५८, फक्त शिपाई-चौकीदार वगैरे चतुर्थ श्रेणीला ६०, केंद्राचं १९९८ पासून ६०. इथे संघटनाच निवेदनं घेऊन मंत्र्यांच्या मागे, साहेब, आमचं ६० करा! फ्रान्सचा माणूस सोडा म्हणून रस्त्यावर उतरतो आणि आमचा माणूस सोडू नका म्हणून.

याचा अर्थ आपण फार कष्टाळू आहोत असा मास्तरांनी काढला होता. मला नाही वाटत. तिकडे पेन्शन सगळ्यांना असते, म्हणून वय वाढलं की सगळ्यांचं काहीतरी जातं. इकडे पक्की नोकरी हीच लॉटरी, ती दोन वर्षं अजून चालली तर कोण नाही म्हणेल, तीही शेवटच्या, सगळ्यात मोठ्या पगारावर. आणि सरकारलाही ते आतून गोड लागतं, कारण माणूस रिटायर झाला की ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, पेन्शन विकल्याची रक्कम असं एकदम द्यावं लागतं. वय दोन वर्षं वाढवलं की ते बिल दोन वर्षं पुढे. आंध्रने २०२२ मध्ये ६० चं ६२ केलं ते पगारवाढीवरून कर्मचाऱ्यांशी भांडण चालू असतानाच, म्हणजे एका हाताने कमी दिलं आणि दुसऱ्या हाताने दोन वर्षं. बिल पुढे गेलं म्हणजे माफ झालं असं नाही, पण पुढे निवडणूक कोणाची आणि मंत्री कोण, ते तेव्हा बघू.

या सगळ्यात चिडतो कोण, तर माझा भाचा. एमपीएससी करतोय, गंगापूर रोडला अभ्यासिकेत सकाळी सात ते रात्री दहा. रविवारी येतो कट्ट्यावर, आणि मास्तरांनी "साठ व्हायलाच पाहिजे" म्हटलं की याचा चहा कडू होतो. "मामा, तुमच्या या लोकांनी दोन वर्षं खुर्ची नाही सोडली तर माझी जाहिरात दोन वर्षं नाही निघणार. तोपर्यंत माझं वय निघून जाईल. म्हणजे त्यांचं वाढवायचं आणि माझं संपवायचं." मास्तरांकडे यावर उत्तर नव्हतं, त्यांनी आमदारांच्या पेन्शनवर विषय नेला. तो हुकमी पत्ता असतो. एक टर्म केली की महिना ५० हजार, पुढच्या प्रत्येक वर्षाला दोन हजार जास्त, आणि रिटायरमेंटचं वय काही नाहीच. पाच मिनिटं सगळे एका पक्षाचे होतात. पण खरं सांगू, तो आकडा राज्याच्या सात लाख कोटींच्या बजेटात चिमूटभर आहे. राग बरोबर आहे, हिशोब त्याने सुटत नाही.

भाच्याला वर आणखी एक टोचतं. मास्तरांना जुनी पेन्शन, त्याला उद्या नोकरी लागली तरी नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नवी योजना, केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर. मार्च २०२३ ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संप झाला, त्यानंतर केंद्राने यूपीएस, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम आणली, २५ वर्षं नोकरीला शेवटच्या वर्षाच्या सरासरी बेसिकच्या निम्मे. बरी आहे की नाही यावर वेगळं भांडण आहे, पण तिच्यात महागाई धरलीय, एवढं मी त्याला दाखवून दिलं.

तर मला विचाराल तर, सरसकट वय वाढवायला माझा विरोध आहे. एसीत फाइलवर सही करणाऱ्याला साठ काय आणि बासष्ट काय. आठ तास मशीनवर उभं राहणाऱ्याचं, घाटात स्टेअरिंग फिरवणाऱ्याचं शरीर पंचावन्नलाच निवृत्तीचा अर्ज देऊन मोकळं झालेलं असतं. आणि ज्यांना साठ पाहिजे त्यांनी त्याच निवेदनात खाली एक ओळ लिहावी, की दोन वर्षं किती जागा अडणार आणि त्या पोरांना वयात सवलत मिळणार का. ती ओळ मी अजून कुठल्या निवेदनात वाचली नाही. अन् ईपीएसवाल्यांना वय-बिय नंतर, आधी महागाई भत्ता द्या. केंद्राला रिझर्व्ह बँकेकडून एका वर्षाचा सरप्लस म्हणून २ लाख ६८ हजार कोटींच्या वर मिळाले २०२५ ला, केंद्राच्या सगळ्या पेन्शनच्या जवळपास तेवढेच, तेव्हा इच्छा असेल तर चार पैशांचे सव्वाचार करायला नवी नोट छापावी लागत नाही.

एवढं सगळं मी परवा कट्ट्यावर बोललो, जरा आवाज चढवूनच. मास्तरांनी मान डोलावली, भाचा मोबाइलमध्ये होता. अण्णा उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "तुझं सगळं पटलं. चहाचे पैसे तूच दे, तुला डीए आहे."