शिट्टी मारणारा माईक

आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरात असायचं. पत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण’ छापलेलं असे, पण टिळकवाडीत एवढं लांबलचक बोलायला कुणाला सवड नव्हती. बेळगावची थंडी त्या दिवसांत चांगलीच झोंबते. समोर पालक शाली-कानटोप्यांत गुरफटून बसलेले आणि स्टेजवर कोळीनृत्यातली पोरं उघड्या पोटऱ्यांनी कुडकुडत नाचतायत, हे दृश्य दरवर्षीचं. मग लेझीम, मग ऐन भाषणात कुणाची तरी दाढी सुटणारा ऐतिहासिक प्रवेश, आणि शेवटी शेलापागोटे, म्हणजे एकेकाला नाव घेऊन काढलेले चिमटे, ज्यात आपलं नाव येऊ नये असंही वाटायचं आणि यावं असंही.

पण गॅदरिंग म्हटलं की माझ्या कानात आधी एक आवाज येतो. हेडसर ‘सन्माननीय’ म्हणायला तोंड उघडत आणि माईक ‘कुंईंई’ करून किंचाळे. स्पीकरच्या पेट्या माईकच्या मागेच ठेवलेल्या असायच्या. पेटीतला आवाज माईकात शिरणार, मोठा होऊन पेटीतून बाहेर पडणार, परत माईकात शिरणार, असा फेरा. आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो. इंग्रजीत त्याला फीडबॅक म्हणतात, हे कळायला बँड निघावा लागला.

बँड निघाला १९९१ साली, नववीत. वाजवणारे-गाणारे चौघं आणि मी पाचवा. मला काहीच वाजवता येत नव्हतं, म्हणून मी मॅनेजर.

गिटारवाल्याचा मामा म्हापशाचा. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडून एक जुनी गिटार आणि पिशवीभर कॅसेटी आल्या. बेसगिटार कुठून आणणार? दुसऱ्या एका मोडक्या गिटारीच्या बारीक दोन तारा काढून टाकल्या आणि उरलेल्या चारांना बेस म्हटलं. गायकाच्या घरी कन्नड, शाळेत मराठी आणि गाणं इंग्रजीत. बेळगावात याचं कुणाला नवल नाही. ड्रमवाला कॅम्पातला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचा बँड लहानपणापासून कानावर पडलेला, त्यामुळे कुठलंही गाणं द्या, तो कवायतच वाजवायचा.

त्या कॅसेटींत एक यू-टू या आयरिश रॉक बँडची होती. मामाला त्यांची सगळी कुळकथा पाठ, आणि आम्हाला ती रामायणासारखी. डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेतल्या लॅरी मलन नावाच्या चौदा वर्षांच्या पोरानं १९७६ साली शाळेच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, बँड काढायचाय, कोण येतंय? जमले ते त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात. ॲडम क्लेटनला बेस धड वाजवता येत नव्हता, पण बोलायचा असा की तोच सगळ्यांत जाणकार वाटावा. लॅरीनं आधी कवायतीच्या बँडमध्ये ढोल बडवलेला. हे ऐकल्यावर आमचा ड्रमवाला आठ दिवस जमिनीवर नव्हता. आणि बँडचं पहिलं नाव काय, तर फीडबॅक! यंत्रातले त्यांना येणारे शब्दच मुळात दोन-चार, त्यातला हा एक. म्हणजे आमच्या हेडसरांची शिट्टी!

तालीम शाळेमागच्या सायकलस्टँडवर. पीटीचे सर एकदा थांबून म्हणाले, “काय वाजवूलालासा रे हे? बाहेर कुत्री भुंकूलालीत की.” सांस्कृतिकच्या बाईंना वेगळीच काळजी. “गाण्यात वाईटसाईट काही नाही ना?” गायक न अडखळता म्हणाला, “नाही बाई, देवाचंच आहे.” बाईंनी लेझीम आणि शेलापागोट्यांच्या मध्ये पाच मिनिटं दिली. आजही मला वाटतं, त्या पाच मिनिटांइतकं मोठं काही आम्हाला पुढे कुणी दिलं नाही. तीन तास बसून आपल्या पोराची वाट बघणारे पालक दुसऱ्याच्या पोराचं काहीही सहन करतात.

पहिलं कडवं माईकच्या शिट्टीतच गेलं. दुसऱ्याला लाईट गेले. गिटार मुकी, बेस मुका, गायकाचं तोंड उघडं. ड्रमला कुठली वीज लागते? त्या काळोखात त्याची कवायत तशीच चालू राहिली. विंगेत लेझीमवाली पोरं अजून फेटे बांधून उभी होती. कुणीतरी तालावर लेझीम हलवलं, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळी पोरं अंधारात स्टेजवर. कुणी कुणाच्या पायावर पाय देतोय, कुणाचा फेटा सुटलाय, समोरून शिट्ट्या. जनरेटर सुरू होऊन लाईट आले तेव्हा टाळ्या थांबेनात आणि गायक मात्र माईक धरून रडकुंडीला आलेला. बक्षीस मिळालं, उत्तेजनार्थ. स्टीलचे चार पेले. मॅनेजरला काही नाही.

तिकडे डब्लिनच्या त्या पोरांनी १९७८ च्या मार्चमध्ये लिमरिकच्या स्पर्धेत पाचशे पौंड जिंकले होते. त्याच महिन्यात त्यांच्यातला पाचवा, म्हणजे गिटारवाल्या एजचा थोरला भाऊ, भर कार्यक्रमात स्टेजवरून उतरून गेला आणि उरलेले चौघं यू-टू या नावानं वाजवू लागले. १९८० साली आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीशी करार, १९८५ ला लाइव्ह एडची मदतमैफल, मग सगळं जग. आमची चढण गल्लीतल्या गणपतीपर्यंत आणि पुढे शिवजयंतीच्या चित्ररथामागच्या एका ट्रॉलीपर्यंत. मग एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा आली. गिटार माळ्यावर गेली, आणि मामानंही त्यानंतर कॅसेटी पाठवल्या नाहीत.

१५ डिसेंबर २०१९ ला यू-टू भारतात आले, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आम्ही पाचांपैकी तिघं रातोरात बसनं गेलो. तेच चौघं समोर, पोटं सुटलेली नाहीत याचा मला थोडा रागच आला. बेसवाला मात्र गाणी कमी आणि स्पीकरच्या पेट्या जास्त बघत होता. त्याचा आता साउंड सिस्टीमचा धंदा आहे, निम्म्या बेळगावचे मांडव त्याच्याकडे.

परत आलो त्याच आठवड्यात शाळेचं गॅदरिंग होतं. सिस्टीम अर्थात त्याची. मागच्या रांगेत तो माझ्या शेजारी चिवड्याचा पुडा घेऊन बसलेला. चार मुली गिटारी घेऊन स्टेजवर आल्या, पहिलीनं माईकला तोंड लावलं आणि ‘कुंईंई’. पूर्वी मी हसलो असतो. बेसवाला मात्र पुडा माझ्या हातात कोंबून उठला, वाकून-वाकून रांगांमधून पुढे गेला आणि डावीकडची पेटी वीतभर पुढे ओढून बाहेरच्या बाजूला वळवली.

मुलीनं त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.